लाल झाकणाचा मध

जगातल्या सर्वांत प्रसिद्ध थंड पेयावर मी जवळजवळ वीस वर्षं व्याख्यान देत आलो. पेयाचं नाव इथे घेत नाही. त्याला माझ्या जाहिरातीची गरज नाही, आणि या हकिकतीत चूक त्याची नाही. काळं, गोड, फेसाळणारं, लाल झाकणाचं, एवढं सांगितलं की पुरे. मला सांगायची आहे ती माझ्या तोंडून गेलेल्या एका विनोदाची गोष्ट. त्या विनोदाने पळसदरीच्या रस्त्यावर बसणाऱ्या एका बाईचा आठ वर्षांनी हाती आलेला मध नासवला.

मध कधी नासत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. तेही मी व्याख्यानात सांगत असे.

मी कर्जतला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाला सहसा कुणी बोलायला बोलावत नाही. त्याच्या ताब्यात पुस्तकं असतात, पण ती त्याने वाचली असतील असा संशय कुणाला येत नाही. एका वर्षी स्नेहसंमेलनाचे पाहुणे घाटात अडकले, मांडव भरलेला होता, आणि प्राचार्यांनी मला पाच-दहा मिनिटं काहीतरी बोला म्हणून पुढे ढकललं. टेबलावर पाहुण्यांसाठी आणलेली त्या पेयाची बाटली होती. तिच्याकडे बघून मी बोलायला लागलो तो पाऊण तासाने थांबलो. तेव्हापासून मंडळं, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे, रसायनीच्या वसाहतीतले गणपती, सगळीकडून बोलावणी यायला लागली. शाली इतक्या जमल्या की बायकोने त्यांची पांघरुणं शिवली.

सुरुवात मी त्या औषधवाल्यापासून करायचो. अमेरिकेच्या दक्षिणेतला माणूस. यादवी युद्धात तलवारीची जखम झालेली, ठणका सहन होईना म्हणून अफूपासून केलेल्या औषधाच्या आहारी गेलेला. त्यातून सुटायला त्याने एक टॉनिक बनवलं. त्यात कोकाची पानं, कोला नावाचं आफ्रिकी बी, आणि साखर. डोकेदुखी, थकवा, मज्जातंतूंचा अशक्तपणा, सगळ्यावर एकच उपाय. म्हणजे आपल्या एसटी स्टँडवर बाम विकणारा आणि हा, दोघांचं भांडवल एकच, असं मी म्हणायचो. पेयाला नाव सुचलं ते त्याच्या हिशेबनिसाला, आणि ती वळणदार अक्षरंही त्या हिशेबनिसाचीच. आज वाचता न येणारी माणसंही ती अक्षरं ओळखतात. औषधवाला मात्र आपले हक्क तुकड्यातुकड्याने विकत ओढगस्तीत गेला. इथे श्रोते हळहळायचे आणि मी पाण्याचा घोट घ्यायचो.

खोट्या गोष्टी खोडून काढण्यात मला विशेष आनंद होता. लाल डगलेवाला नाताळचा म्हातारा या कंपनीने जन्माला घातला असं लोक छातीठोकपणे सांगतात. मी सांगायचो की डगला आधीही लाल होता, यांनी तो फक्त घरोघर पोचवला. सोड्याचं पाणी त्यात चुकून पडलं ही कथाही बहुधा मागाहून रचलेली. "पुरावा मागा," असं मी श्रोत्यांना बजावायचो. "कुणीही सांगितलं तरी पुरावा मागा."

मग मी आपल्याकडे यायचो. आणीबाणी उठली, सरकार बदललं, आणि नव्या सरकारने कंपनीला सांगितलं की भागीदारी आणि गुपित दोन्हींत इथल्या लोकांना वाटा द्या. कंपनी गुपित घेऊन निघून गेली आणि पंधरा-सोळा वर्षांनी परत आली. ती गेली तेव्हा मी नुकताच कॉलेजात जायला लागलो होतो. वडील खालापूरच्या कचेरीत कारकून. त्यांनी ते पेय जन्मात घेतलं नव्हतं, पण आता मिळणार नाही म्हटल्यावर एक बाटली घेऊन आले. सायकलच्या हँडलला पिशवीत अडकवून आणली, त्यामुळे घरी येईपर्यंत ती कोमट झालेली आणि चांगली हिंदकळलेली. झाकण उडवताच निम्मं पेय शेणाने सारवलेल्या जमिनीवर गेलं. उरलेलं आम्ही तीन भावंडांनी घोटाघोटाने प्यायलं, आणि प्रत्येक घोटानंतर वडील रुमालाने बाटलीचं तोंड पुसत होते. शेवटचा घोट त्यांनी घेतला आणि म्हणाले, "औषधासारखं लागतं." इतकं अचूक ऐतिहासिक मत मला नंतर कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. या किश्श्याला हमखास टाळ्या पडायच्या. वडिलांच्या त्या कोमट बाटलीवर मी वीस वर्षं टाळ्या घेतल्या.

पण कळस असायचा बाटलीचा. कंपनीला अशी बाटली हवी होती की ती अंधारात हाताने चाचपून ओळखता यावी आणि फुटून जमिनीवर पडली तरी ओळखता यावी. काचकामगार विचारात पडले. त्यांनी ठरवलं की पेयात जे घालतात त्याच्या आकाराची बाटली करू. कोका आणि कोला म्हणजे काय ते बघायला कुणीतरी वाचनालयात गेलं, ज्ञानकोश उघडला, आणि पान चुकलं. समोर आलं चित्र कोकोच्या फळाचं, म्हणजे चॉकलेट ज्यापासून करतात त्याचं. त्या पेयाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण फळ फुगीर होतं, अंगावर उभ्या रेघा होत्या, छान दिसत होतं. झाली बाटली. जगातली सर्वांत ओळखीची बाटली हे भलत्याच फळाचं चित्र आहे. ग्रंथपालाला यापेक्षा आवडती गोष्ट कुठली असणार? आत काय आहे ते न बघता माणूस वरून ठरवतो, असं तात्पर्य मी बोट उंचावून सांगायचो.

एक गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. ते पेय मी पंधरा वर्षांत चाखलेलं नव्हतं. मला साखरेचा त्रास आहे.

पळसदरीच्या रस्त्याला, धरणाकडे वळण्याआधी एक आंबा आहे. त्याच्याखाली वरच्या वाडीतली एक बाई बसते. पावसाळ्यात तिच्याकडे शेवळं, टाकळा अशा रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदं, आणि दिवाळीनंतर मध. वय माझ्याच आसपास असेल. आठ वर्षं आम्ही तिच्याकडून मध घेत होतो. ती मला मास्तर म्हणते, बायकोला वैनी. आम्ही दोघंही तिला 'तू' म्हणायचो, आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

तिचा मध त्याच काळ्या पेयाच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत असतो. शनिवार-रविवारी मोटारी घेऊन येणारे लोक बाटल्या धरणाच्या काठी टाकून जातात. ती त्या वेचते, राखेने घासून धुते, कुंपणाच्या काट्यांवर उलट्या टांगून वाळवते. वरचा लाल कागद काढत नाही, कारण तो काढला की खालचा डिंक धूळ धरतो. मग त्याच लोकांना ती त्यांचीच बाटली भरून परत देते.

विकायची तिची एक रीत आहे. गिऱ्हाईक थांबलं की ती बाटलीचं लाल झाकण काढते, त्यात चमचाभर मध ओतते आणि पुढे करते. चाखल्याशिवाय ती बाटली देत नाही. मागे एकदा एका घाईतल्या माणसाने सरळ पैसेच पुढे केले, तर तिने हात मागे घेतला. "घरी जाऊन तोंड वाकडं करन्यापरीस हितंच करा," ती त्याला म्हणाली. आमच्या वेळी ती झाकण आधी माझ्यापुढे धरायची, मी पोटावर हात ठेवून मान हलवायचो, मग ते बायको चाटायची. आठ वर्षं हेच चाललं होतं.

यंदा कारवी फुलली होती. डोंगरउतारावरचं हे झुडूप सात वर्षं मुकाट वाढतं, आठव्या वर्षी एकदम फुलून जांभळं होतं, आणि मरतं. त्या वर्षीचा मध वेगळा. दाट आणि काळसर. आम्ही तिच्याकडून पहिली बाटली घेतली तेही कारवीचंच वर्ष होतं, आणि बायकोने त्या बाटलीच्या तळाशी राहिलेले दोन बोटं मध औषध म्हणून फळीवर जपून ठेवले होते. म्हणजे खरा मध काळा असू शकतो हे समजायला मला कुठला ज्ञानकोश उघडायची गरज नव्हती. मान वर करून फळीकडे बघितलं तरी पुरलं असतं.

दिवाळीनंतर खालापूरला एका फार्महाऊसवाल्यांच्या संघाचा वार्षिक सोहळा होता. सकाळचा कार्यक्रम. दारात तुतारी, आम्हा सगळ्यांना भगवे फेटे, माझा तर भुवयांपर्यंत उतरलेला. समई पंख्याच्या वाऱ्याने पेटेना. तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी खिशातून लायटर काढला आणि संस्कृत श्लोक चालू असताना तिच्यावर धरला. हे पाहुणे जमिनींचे व्यवहार करणारे होते. त्यांची ओळख माझ्यापेक्षा लांब, हार माझ्यापेक्षा जाड. मी हे सगळं मनात टिपून घेत होतो, घरी जाऊन बायकोला नकला करून दाखवण्यासाठी. दुसऱ्यांच्या डामडौलाला हसायची मला सवय आहे. आपणही फेटा बांधून त्याच रांगेत बसलोय याचा तेवढ्यापुरता विसर पडतो.

त्या दिवशी व्याख्यान रंगेना. औषधवाला मेला तरी कुणी हळहळलं नाही. वडिलांच्या बाटलीला चार टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुणे मोबाइलवर जमिनीचे फोटो बघत होते. मी तिजोरीच्या किश्श्यापाशी आलो. पेयाची मूळ पाककृती एका तिजोरीत बंद आहे आणि ती मोजक्याच माणसांना ठाऊक आहे, असं कंपनी अभिमानाने सांगते. समोर जांभया. आणि मी काहीही न ठरवता बोलून गेलो:

"तशी एक गुप्त पाककृती आपल्या पळसदरीच्या रस्त्यावरही आहे. बाटली तीच, झाकण तेच, यंदा तर रंगही तोच. आत फक्त एक भाग गूळ, तीन भाग पाणी. नाव मध!"

सभागृहात हशा फुटला. मागच्या रांगेतल्यांनीही मान वर केली. प्रमुख पाहुण्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि मांडीवर थाप मारली. ते मला आवडलं. ज्या माणसाच्या लायटरला मी मघाशी हसलो होतो त्याच्या मांडीवरची ती थाप मला फार आवडली. म्हणून मी आणखी थोडं ताणलं. घेणाऱ्याने मुंबईला जाऊन तो मध फ्रीजमध्ये ठेवायचा आणि वर्षभर सगळ्यांना सांगायचं की अगदी डोंगरातला आहे हो, असा अभिनयही करून दाखवला.

बायको दुसऱ्या रांगेत होती. परत येताना ती खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर मी शाल आणि नारळ टेबलावर ठेवला. तिने स्वयंपाकघरातून फळीवरची जुनी बाटली आणली आणि शालीशेजारी ठेवली.

"हे काय आहे सांगा."

मी म्हटलं, मध.

"गूळ नाही ना?"

विनोद होता, मी म्हणालो. सगळे हसले. "ती तिथे असती तर हसली नसती," बायको म्हणाली, आणि बाटली उचलून पुन्हा फळीवर ठेवायला गेली. 'ती' म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

कुणीतरी तो भाग मोबाइलवर टिपला होता. दोन दिवसांत तो फिरायला लागला. खाली ओळ होती, 'कर्जतला मध घेण्याआधी हे नक्की ऐका.' माझं शिक्षण, माझा हुद्दा, सगळं चढवून लिहिलेलं. खुद्द मला तो मिरजेच्या मेहुण्याने पाठवला. आता जे लिहितो ते लिहायला नको वाटतं, पण बाकीचं लिहून हे गाळलं तर त्याला अर्थ नाही. चार दिवस मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. आवाज चांगला आला होता. मी तो तीन जुन्या सहकाऱ्यांना स्वतःहून पाठवला.

पुढच्या रविवारी बायको पळसदरीला निघाली आणि मला म्हणाली, चला. आंब्याखाली ती बाई बसली होती. समोर गोणपाटावर बाटल्यांच्या दोन पुऱ्या रांगा. एरवी या दिवसांत आम्ही उशिरा गेलो तर बाटली मिळायची नाही. बायकोने विचारलं, मध गेला नाही का गं?

"जात नाय वैनी. लोक थांबतात, मोबाइल काडतात, मला दावतात, हासतात, जातात." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तर दिसतात त्याच्यात. फेटा बांधलेलं. पैल्यांदा मला वाटलं, मास्तरांचं परत लगीन हाय का काय."

बायको हसली नाही, तीही हसली नाही. तिने बाटल्यांवर बसलेली माशी फडक्याने उडवली आणि मग सरळ माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, मला गूळ घालताना तुमी कवा बगितलात?"

आवाजात राग नव्हता. खरोखरच माहिती हवी असल्यासारखं तिने विचारलं. पुरावा मागा, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत होतो. माझ्याकडे पहिल्यांदा कुणीतरी तो मागत होतं.

मी म्हणालो, "तुम्ही गैरसमज करून घेऊ नका, ते आपलं बोलण्याच्या ओघात..."

"आज तुमी-तुमी काय करता?" ती म्हणाली. "परक्यावानी. वळीखलंत तं तू म्हना."

तिने बायकोला सांगितलं की यंदा आग्या मोहोळं कड्याच्या पार मधोमध होती. नवरा आणि जावई दोराने खाली उतरले. जावयाचं तोंड असं सुजलं की त्याला दोन दिवस त्याची पोरगीही ओळखेना. कारवी आता मेली, परत फुलेपर्यंत आठ वर्षं जातील. "तवर मी हितं बसाया असन का नाय," ती म्हणाली. ते तिने हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं.

मी पाकीट काढलं. म्हणालो की सगळ्या बाटल्या मी घेतो, आत्ताच. हे बोलताना मला आपण फार मोठं काही करतोय असं वाटत होतं, हे कबूल करतो. खालापूरच्या पाहुण्यांच्या आणि माझ्या चेहऱ्यात त्या क्षणी फारसा फरक नसेल.

"नाय," ती म्हणाली. "सगळा तुमी नेला तं लोक म्हनतील, गुळाचाच व्हता, खपला नाय, म्हनून मास्तरांच्या गळ्यात मारला. मला मध खपवाया नाय पायजे. मला तो मध हाय असं पायजे."

तिने बायकोपुढे झाकण धरलं, बायकोने चाटलं, एक बाटली घेतली. मला त्या दिवशी तिने झाकण दाखवलंही नाही.

घरी येऊन मी खुलाशाचा व्हिडिओ केला. फेटा नाही, शाल नाही. बायकोने मोबाइल धरला. मी म्हणालो की ते विधान निराधार होतं, कारवीचा मध काळाच असतो, मी क्षमा मागतो. आधीचा जिथे जिथे गेला होता असं कळलं तिथे तिथे हा नवा पाठवला. पाच-सहा अंगठे आले. एका जुन्या विद्यार्थ्याने लिहिलं, 'सर, पहिला जास्त भारी होता.' दुसऱ्याने विचारलं की सर, कुणी दबाव आणला का. खुलासा कुठेच पुढे गेला नाही. त्या औषधवाल्याच्या टॉनिकने डोकेदुखी बरी होते हे जगाने लगेच मानलं होतं. होत नाही, हे कुणी केव्हा सांगितलं ते मलाही ठाऊक नाही.

तेव्हा मी ठरवलं की स्वतः जाऊन उभं राहायचं. त्यापुढच्या रविवारी सकाळी मी एकटाच आंब्याखाली पोचलो आणि तिला सांगितलं की आज येईल त्याला मी सांगतो. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उभं ऱ्हावा," म्हणाली. "पन आदी चाका."

तिने झाकणात मध ओतला आणि माझ्यापुढे धरला. मी सवयीने पोटाकडे हात नेला.

"मला ठावं हाय तुमचं दुकनं. आठ वर्सं ठावं हाय," ती म्हणाली. "चाकलाच नाय तं सांगनार काय? तवाबी चाकला नव्हता, तरी सांगितलात."

मी चाखला. दाट, जिभेला किंचित तुरट, आणि शेवटी घशात कडवटपणाची एक बारीक रेघ. वाळल्या गवताचा आणि धुराचा वास. त्याहून जास्त मला सांगता येत नाही. न चाखलेल्या पेयावर मी पाऊण तास बोलू शकतो, आणि चाखलेल्या मधाबद्दल माझ्याकडे दोन वाक्यं होती.

पहिली मोटार थांबली. नवरा-बायको दोघं आणि मागे कुणाची तरी आई. मधाच्या बाटल्या बघून त्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू आलं, आणि मग त्याने मला बघितलं.

"अरे! तुम्हीच ना ते? गुप्त पाककृती?"

मी म्हणालो की हो, मीच तो, आणि मी खोटं बोललो होतो. हा मध खरा आहे. कारवीचा आहे, म्हणून काळा आहे. मी आत्ता चाखलाय. शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं. माणसाने विचारलं, एक फोटो घेऊ का? मी नको म्हणायच्या आत घेतलाही. आई म्हणाली की थोडा घेऊन बघू या का. सून तिला मोटारीकडे नेत हलक्या आवाजात म्हणाली, "आई, आता त्यांना कमिशन मिळत असेल." आवाज तितका हलका नव्हता.

दुपारपर्यंत हेच. कुणी विनोद परत करून दाखवा म्हणालं. कुणी डोळा मारला. एका गृहस्थाने मला बाजूला घेऊन विचारलं, खरं काय ते सांगा, बाई ऐकत नाहीये. खोटं सांगताना मला फेटा आणि माइक पुरला होता. खरं सांगताना मी आंब्याखाली एका गोणपाटाशेजारी उभा असलेला म्हातारा होतो, आणि अशा म्हाताऱ्याचं काहीतरी अडलेलं असणार हे कुणालाही दिसत होतं. त्या वेळात एकही बाटली गेली नाही.

शेवटी तीच बोलली. आधी हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"जा घरी, मास्तर. तुमी हितं उभं ऱ्हायलात तं माजा मध आनिकच गुळाचा व्हतोय."

"मग मी काय करू?"

"काय करनार," ती म्हणाली. "तुमचं करून झालं."

मी स्टेशनापर्यंत चालत आलो. घरी पोचल्यावर खिशातून रुमाल काढायला गेलो तर हाताला चिकट लागलं. तिचं लाल झाकण. चाखल्यावर परत द्यायचं विसरून मी ते मुठीत धरून उभा राहिलो होतो आणि तसंच खिशात घालून निघून आलो होतो. म्हणजे तिची एक बाटली मी उघडी टाकून आलो. टेबलावर व्याख्यानाच्या टिपणांची फाईल होती, तिच्यावर मी झाकण ठेवलं. सकाळी फाईलवर मुंग्यांची रांग लागली होती. औषधवाला, हिशेबनीस, वडिलांची सायकल, सगळ्यांवरून ती चालली होती.

नवीन वर्षासाठी दोन बोलावणी आली आहेत. दोघांनीही आवर्जून लिहिलंय की तो मधाचा किस्सा घ्याच. मी प्रकृतीचं कारण कळवलं. तेही खोटंच.

काल रविवार होता. झाकण धुऊन, कागदात गुंडाळून घेऊन गेलो. ती होती. बाटल्यांची एक रांग कमी झाली होती, पण त्या खपल्या की तिने घरी नेल्या हे विचारायचं धाडस झालं नाही. एका बाटलीच्या तोंडाला पळसाच्या पानाचा बोळा होता. मी झाकण पुढे केलं. तिने ते घेतलं, उलटसुलट बघितलं, फडक्याने पुसलं आणि बोळा काढून बाटलीला लावलं. मी काही बोलणार तेवढ्यात तिने हनुवटीने रस्त्यापलीकडची वडापावची गाडी दाखवली. मी तिथे जाऊन उभा राहिलो.

थोड्या वेळाने एक मोटार थांबली. काच खाली करून एका माणसाने मोबाइल बाहेर धरला, आणि रस्त्यापलीकडून मला माझा आवाज ऐकू आला. बाटली तीच, झाकण तेच. मग ते हसणं. वडापाववाला तेल हलवत होता, त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कढईत बघितलं.

तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिने, मी परत केलेलं ते झाकण काढलं, त्यात मध ओतला, आणि उठून काचेपाशी धरला. माणूस हसत काहीतरी म्हणाला. काच वर गेली. मोटार धरणाकडे निघून गेली, आणि ती झाकण सांडू न देता थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने ते स्वतः चाटलं, पदराला पुसलं आणि बाटलीला लावलं.